जुनं गॅस्केट

शिवदास डांगेच्या गाडीच्या कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात, तेल उतरलं आणि त्याच सकाळपासून त्याच्या घरातल्या सगळ्या पाण्यावर तेल यायला लागलं. माठात, चहात, देवापुढच्या तांब्यात. बायको रडली तर तिच्या गालावरून काळं ऑइल ओघळलं. त्याच्या स्वतःच्या हातून बोल्ट आवळायचे पाने निसटत होते. त्याच्या गॅरेजातल्या तिघा मिस्त्रींनी गाडी बघून हात वर केले. शेवटी नाक मुठीत धरून तो बार्शीच्या नाक्यावर, माझ्या पंक्चरच्या दुकानात आला.

मी पंक्चरच का काढतो, ते सांगतो. अकरा वर्षांपूर्वी आम्ही दोघं एकाच उस्तादाकडे कामाला होतो. इंजिनाचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामध्ये गॅस्केट नावाचा पातळ पत्रा असतो. तेलाची वाट आणि पाण्याची वाट वेगळी ठेवतो तो. एकदा दाबला गेला की तो पुन्हा वापरायचा नसतो. शिवदासने एका जीपमध्ये जुनंच गॅस्केट पुसून परत बसवलं. जीप घाटात बंद पडली, तेव्हा त्याने खापर माझ्यावर फोडलं. गोरखने बोल्ट क्रमाने आवळले नाहीत, असं त्याने सांगितलं. उस्तादांना ते पटलं, मग गावालाही पटलं. तेव्हापासून माझ्या हातात कुणी इंजिन दिलं नाही. त्याने एकदा चार माणसांत खरं बोलावं, एवढंच मला हवं होतं.

"गोरखभाऊ, तेवढं बघ की," तो म्हणाला. पूर्वी गोऱ्या म्हणायचा.

चार माणसं समोरच होती, दुकानाबाहेरच्या बाकावर पेपर वाचत. मी घाई केली नाही. गाडी दुकानात आत घेतली, इंजिन थंड होऊ दिलं आणि मग कूलंटच्या टाकीचं झाकण फिरवलं. हिरवं पाणी असायला हवं तिथे दुधाळ चॉकलेटी लगदा होता, वर तेलाची साय. मी तो वाटीने काढायला लागलो. दोन बादल्या भरल्या, एक पिंप भरलं, टाकीतली पातळी होती तिथेच राहिली. इंजिनातलं तेल तपासायची डिपस्टिक ओढून पाहिली तर ऑइल स्वच्छ होतं. म्हणजे तेल पाण्यात जात होतं, पाणी तेलात येत नव्हतं.

तेल थंड करणारा ऑइल कूलर फुटला असेल, तेवढा बदलून टाक, असं शिवदास सारखं म्हणत होता. हेड खोलू नको, हेही त्याने तीनदा सांगितलं. मी कूलर सोडवला, त्यात हवा भरली आणि ट्यूब बुडवतो त्या टबात बुडवला. एकही बुडबुडा आला नाही. पंक्चरवाल्याला बुडबुडे तरी ओळखता येतात, असं मी त्याला ऐकवलं. तो हसला नाही.

मग बोल्ट सोडवून हेड उचललं. खाली त्या जीपचं गॅस्केट होतं. जीप कधीच भंगारात गेली होती आणि तिचं गॅस्केट या गाडीला लागतही नव्हतं, तरी भोकाला भोक जुळत होतं. कड एका जागी जळून तेलाची आणि पाण्याची वाट एक झाली होती.

"हे जीपमध्ये कुणी बसवलं, ते बाहेर जाऊन सांग," मी म्हणालो.

"जुनं कशाला उकरतोस आता?"

मी ते गॅस्केट फडक्याने पुसलं आणि होतं तिथे परत ठेवलं. शिवदास बघत होता. वर हेड ठेवलं. दहा बोल्ट. मधल्यापासून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला जायचं.

पहिला बोल्ट आवळल्यावर पाना टक् वाजला आणि दुकानाच्या चारही भिंती हातभर आत आल्या. मी दुसरा आवळला, त्या आणखी हातभर आल्या. टायरच्या चळती भिंतींबरोबर सरकत आल्या. चौथ्याला टब आणि पिंप भिंतीत गेले. सहाव्याला दार खिडकीएवढं झालं. बाहेर बाकावरच्या एकाने पेपरचं पान उलटलं.

आठव्या बोल्टला शिवदासची पाठ भिंतीला लागली.

"म्याच बसवलं व्हतं," तो म्हणाला. "बाहेर जाऊन सांगतो. सगळ्यांसमोर. दार तेवढं राहू दे."

अकरा वर्षं वाट पाहिली होती त्या वाक्याची. मला बरं वाटलं, पण पुरेसं वाटलं नाही. दार आता वीतभर होतं. बोल्ट उलट्या क्रमाने, बाहेरून आत ढिले केले असते तर भिंती मागे गेल्या असत्या, हे मला कळत होतं. तो बाहेर गेला असता, चार माणसांनी ऐकलं असतं आणि उद्या कुणीतरी माझ्याकडे इंजिन घेऊन आलं असतं. मी नववा बोल्ट आवळला.

दाराची फट मिटली. बाहेरचा पेपरचा आवाज थांबला. गाडी आमच्या दोघांच्या मध्ये पत्र्याएवढी पातळ झाली होती आणि तिच्यावर एकच बोल्ट ढिला होता.

"गोरख," शिवदास अगदी हळू म्हणाला, "आता जुनं तूच बसवलंयस."

"माहीत आहे," मी म्हणालो.

त्याचं कपाळ माझ्या कपाळाला टेकलं. तिथून तेलाचा एक थेंब सुटला, माझ्या भुवईवर थांबला आणि डोळ्यात उतरला. पाण्यावर पसरतो तसा तो पसरला. मी पाना दहाव्या बोल्टवर बसवला.