लिस्बनचा वेढा

कमळाकर काकांचं राज्य मी चौदा महिन्यांत घेतलं. गेममधले चौदा महिने. घड्याळात म्हणाल तर एका रविवारची दुपार.

काका आनंदनगर एमआयडीसीत आमच्या कंपनीत स्टोअरकीपर होते, मी तिथंच डिस्पॅचला. रिटायर झाल्यावर सोनिवलीच्या घरात त्यांना करमेना, तेव्हा त्यांचा पुतण्या प्रीतम यानं त्यांना हा गेम शिकवला. चारशे वर्षांपूर्वीच्या जगाचा नकाशा असतो. प्रत्येकानं एक देश घ्यायचा आणि तो चालवायचा: व्यापार, तह, आरमार, युद्ध. दर रविवारी दुपारी आम्ही चौघं आपापल्या घरून, कानाला हेडफोन लावून खेळायचो. प्रीतमचं इंग्लंड, बदलापूरच्या वैष्णवीचा फ्रान्स. मी उल्हासनगर कॅम्प पाचमधून स्पेन चालवायचो आणि शेजारी काकांचा पोर्तुगाल.

"यांच्याकडं मिठागरं हायत," काकांनी देश निवडताना सांगितलं होतं. "आमच्या आज्यानं पण मीठच पिकवलं."

आमची दोघांची युती होती. खरं तर लढाईचं गणित मला त्यांनीच शिकवलं. वीस हजार माणसांचं धान्य असलेल्या प्रांतात चाळीस हजारांची फौज उभी केली, की लढाई न होताच दर महिन्याला माणसं मरतात. मी तीन युद्धं अशी घालवली होती. काका म्हणाले, "गोडाऊन बघून माल मागवायचा, महेंद्र. फौजेचं पण तेच."

मार्चमधल्या एका गुरुवारी त्यांचा फोन आला. मागे स्ट्रेचरच्या चाकांचा आवाज येत होता.

"सखूला, तुझ्या काकूला, झटका आला रे. उजवी बाजू गेली. बोलता येत नाय."

"काका, मी येतो."

"नको, प्रीतम हाय इथं. तू एक कर. माझी सगळी फौज मोरोक्कोत हाय, जहाजं ब्राझीलला. राज्यात कोण नाय. मी दोन-तीन रविवार येणार नाय, तेवढं लक्ष ठेव."

"बिनधास्त राहा," मी म्हणालो.

शुक्रवारी लंच टाइमला मी वही काढली. खरंच सांगतो, सुरुवात मी त्यांचं राज्य वाचवायलाच केली होती. फ्रान्स कुठून आला तर मी फौज कुठं ठेवायची, काकांच्या राजधानीला, लिस्बनला, ती किती दिवसांत पोचायची, वाटेत धान्य किती. लिहिता लिहिता लक्षात आलं, की हीच वाट मलाही मोकळी आहे. फौज कुठं आहे, जहाजं कुठं आहेत, परतायला किती दिवस लागतील, सगळं मला ठाऊक होतं. इतकी नीट योजना मी आयुष्यात कधी केली नव्हती. डबा तसाच राहिला.

रविवारी आम्ही दोघंच होतो, वैष्णवी आणि मी. खेळणारा नसला की त्याचा देश कॉम्प्युटर चालवतो. मी युती मोडली, त्यानंतर थांबायची ठरलेली मुदत जाऊ दिली आणि वसंत ऋतू लागताच युद्ध पुकारलं, म्हणजे हिवाळ्यात माणसं मरणार नाहीत.

"महेंद्र, हे काय करतोयस?" वैष्णवीचा आवाज आला. "काका हॉस्पिटलमध्ये आहेत."

"नियमात बसतं ना? मी नाही घेतलं तर तू घेशील."

"मी नव्हते घेणार."

तीन तुकड्या तीन वाटांनी नेल्या, कुठल्याच प्रांतावर भार येऊ दिला नाही. लढायच्या वेळी तिन्ही एकत्र, लढाई संपली की पुन्हा वेगळ्या. आरमारानं सामुद्रधुनी अडवली, काकांची फौज मोरोक्कोच्या किनाऱ्यावरच उभी राहिली; कॉम्प्युटरनं घाईनं भरती केलेली नवी फौज तेवढी समोर होती. लिस्बनचा वेढा नऊ महिने चालला. माझी सहा हजार माणसं गेली, त्यांची एकतीस हजार. शेवटी नकाशावरचा हिरवा रंग पुसला गेला आणि तिथं माझा पिवळा आला. मला आनंद झाला होता. तो नाकारण्यात अर्थ नाही.

तीन आठवड्यांनी काका न सांगताच गेममध्ये आले. प्रीतमही होता. काकांनी नकाशा पाहिला.

"माझं लिस्बन कुठाय?"



"काका, मी घेतलं," मी म्हणालो.

"किती महिने लागले?"

"चौदा."

"फौजेला खायला?"

"तीन वाटांनी नेली."

"हां." ते म्हणाले, "बरोबर केलंस. कुठं चुकला नायस." आणि ते निघून गेले.

त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. पुढच्या शनिवारी मी सोनिवलीला गेलो. काकांनी दार उघडलं, "ये," म्हणाले आणि चहा ठेवायला आत गेले. सखू काकू खिडकीजवळ कॉटवर उशीला टेकून बसल्या होत्या. तोंड एका बाजूला ओढलेलं, पण मला ओळखलं. त्यांनी डाव्या हातानं जवळ बोलावलं. शब्द जुळवायला त्यांना फार वेळ लागत होता.

"जा... जहाजं. आली?"

मला कळेना. आतून काकांचा आवाज आला, "येतायत, सखू. वारा उलटा हाय."

मग ते चहा घेऊन बाहेर आले आणि हळू आवाजात म्हणाले, "हॉस्पिटलात ती नुसती बघत पडलेली. काय बोलू तिच्याशी? रोज राज्याचं सांगायचो. जहाजं कुठं गेली, मीठ किती निघालं. महेंद्र बघतोय बोलायचो. सगळं जाग्यावर हाय, असं एक तरी ठिकाण होतं."

मी कप खाली ठेवला. "काका, चुकलं माझं. वैष्णवीकडे त्या आधीची, गेमची सेव्ह केलेली फाइल आहे. तिथून परत सुरू करू. मी युती मोडलीच नाही असं होईल."

"तू मोडलीस ते तर झालंच." ते काकूंकडे बघत राहिले. "पण करू. तिला सांगायला काय तरी लागतं."

दुसऱ्या दिवशी वैष्णवीनं जुनी फाइल लावली. लिस्बन हिरवं होतं, फौज मोरोक्कोत होती, आमची युती कायम. काकांनी सगळ्यात आधी मोरोक्कोशी तह केला, हातचे दोन प्रांत देऊन. ब्राझीलहून जहाजं बोलावली, फौज त्यांत भरली, घरी आणली आणि तिचे दोन भाग करून माझ्या सरहद्दीवर उभे केले. प्रत्येक भाग त्या प्रांताच्या धान्यात बरोबर बसेल एवढाच. मग तिथं एक किल्ला बांधायला घेतला.

"काका," प्रीतम म्हणाला, "तिथं तर तुमची युती आहे."

"हाय की," काका म्हणाले.

त्यांच्या माइकमधून काकूंचा अडखळता आवाज येत होता. त्या काहीतरी विचारत होत्या आणि काका त्यांना किल्ल्याला किती बुरूज असतील ते सांगत होते.

मी माझी फौज सरहद्दीपासून मागे घेतली. किल्ला बांधून व्हायला गेममधली अडीच वर्षं लागतात. तो पुरा होईपर्यंत मी फौज हलवली नाही.