व्हर्जिलला वर पाठवलं त्याची गोष्ट

टिल्डन बॉयलर्स या बेसबॉल संघाचं त्या वर्षी जे वाटोळं झालं ते एकाच माणसामुळे, आणि तो माणूस म्हणजे व्हर्जिल स्टास्को, हे एमेट कोल्बीला मे महिन्यातच कळून चुकलं होतं. व्हर्जिल संघात नव्हता. तो निवृत्त न्हावी होता आणि पहिल्या बेसच्या मागे, एमेटच्या शेजारच्या खुर्चीत बसून भाजलेल्या शेंगा खायचा.

दोघांची मोसमभराची तिकिटं एकमेकांना लागून होती, एमेटचे केस काळे होते तेव्हापासून. दुकान विकल्यावरही ते केस व्हर्जिलच कापायचा, आपल्या स्वयंपाकघरात, गळ्याला टेबलक्लॉथ गुंडाळून.

एप्रिलभर बॉयलर्स हरले. अशा वेळी टिल्डनची माणसं जे करतात ते सगळं एमेटने केलं. टोपी उलटी घातली, मोजे धुवायचे बंद केले, हॉट डॉगवरचं मस्टर्ड सोडलं. फरक पडला नाही. मग मेमधल्या एका रविवारी व्हर्जिल पाचव्या डावात बिअर आणायला गेला, आणि तो रांगेत उभा असताना बॉयलर्सनी चार धावा काढल्या. तो ग्लास सांभाळत परत आला, बूड टेकलं, आणि पुढच्याच चेंडूवर डाव आटोपला.

"व्हर्ज, परत जा," एमेट म्हणाला.

"अरे, आत्ता तर आणली."

"मग वरच्या बाकांवर बसून पी."

"वर ऊन आहे लेका."

"संघासाठी एवढंही करणार नाहीस?"

व्हर्जिल गेला. बॉयलर्स जिंकले. मंगळवारी तो येताना दिसला तेव्हा एमेटने नुसतं बोट वर केलं. बॉयलर्स पुन्हा जिंकले. एमेटने आयुष्यभर हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवलं होतं. एका प्रयोगावरून निष्कर्ष काढू नये, असं तो मुलांना बजावायचा. इथे प्रयोग दोन झाले होते.

त्यानंतर बॉयलर्स जे हरायला लागले ते हरतच राहिले. पण व्हर्जिल वर असताना ही गत, तर खाली आल्यावर काय होईल, या विचाराने एमेट त्याला बोलवेना. जुलैपर्यंत हे कारण होतं. पुढे ती नुसतीच लाज होती, आणि त्या लाजेपायी तो केस कापून घ्यायलाही गेला नाही.

व्हर्जिलची बायको डोलोरेस फेब्रुवारीत गेली होती. चर्चच्या पायऱ्यांवर एमेटने त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "एप्रिल येऊ दे. मी आहे ना शेजारी." हे वाक्य त्याला आठवलं ते ऑगस्टमध्ये, शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर आपली टोपी ठेवताना.

सप्टेंबरात, मोसमाच्या शेवटच्या सामन्याला, एमेट दोन हॉट डॉग घेऊन वर चढला. जिना त्याच्या आठवणीपेक्षा लांब निघाला. व्हर्जिल पत्र्याच्या बाकावर, भर उन्हात, मानेवर ओला टॉवेल टाकून एकटाच बसला होता. नाकाची सालं निघाली होती.

"तू इथे काय करतोयस?" तो घाबरून ओरडला. "खाली जा! एक धाव पुढे आहोत आपण!"

"मोसम गेला रे, व्हर्ज. खालून पहिले आलोत."

"म्हणून आजचंही घालवायचं?"

एमेट बसलाच. "घे. मस्टर्ड लावलंय."

"तू सोडलं होतंस ना?"

"लागू पडलं नाही."

व्हर्जिलने घास घेतला आणि त्याच्याकडे निरखून पाहिलं. "कान कुठे गेले तुझे?"

"उद्या येतो. कापशील?"

तेवढ्यात खाली पाहुण्यांनी बरोबरी साधली.

"बघ! आता सांग, पनवती कोण?"

"मी," एमेट म्हणाला. "चल खाली. सातवा डाव तरी आपल्या जागेवर बसून बघू."

"आपल्या कुठल्या? ऑगस्टमध्ये संघाच्या ऑफिसातून फोन आला होता, पुढच्या वर्षी खुर्ची ठेवायची का म्हणून. म्हटलं, थांबा जरा, सांगतो. वाटलं, तू बोलवशील. मग दिली सोडून."

"माझ्यामुळे?"

"नाही, पोपमुळे." व्हर्जिलने बोटं पुसली. "मुलगी अ‍ॅरिझोनाला बोलावतेय. तिथे ऊन फार, म्हणते." त्याने टॉवेल उचलून मान चोळली. "सवय झालीय आता."

तरी तो खाली आला. खुर्चीवरची धूळ त्याने त्याच टॉवेलने पुसली. खाली एकही टरफल नव्हतं. सातव्या डावाच्या मध्यावर रिवाजाप्रमाणे सगळे गाण्यासाठी उभे राहिले, तेव्हा हेही दोघे उभे राहिले. व्हर्जिल नेहमीसारखा बेसूर गायला.

बॉयलर्स सहा-एक असे हरले. त्यांच्या चेंडू टाकणाऱ्या दोन्ही मुख्य खेळाडूंच्या कोपरांवर मार्चमध्येच शस्त्रक्रिया होऊन ते मोसमभरासाठी बाहेर गेले होते, आणि पेपरातली ती बातमी एमेटनेच व्हर्जिलला वाचून दाखवली होती, केस कापून घेता घेता.