धरलेल्या जागा

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. सकाळची वेळ, कॉलेजचा मोठा वर्ग, नुकत्याच पुसलेल्या फरशीचा ओला वास, आणि पहिल्या ओळीत एकटीच बसलेली एक मुलगी. तिच्या शेजारच्या जागेवर तिची पिशवी, पलीकडे छत्री, त्याच्याही पलीकडे घडी केलेला स्वेटर.

ही घरातली धाकटी. घर शहराच्या पार टोकाला. बाबा पाणीपुरवठ्याच्या पंपावर पहिल्या पाळीला जायचे, तीही त्यांच्याबरोबर पहिलीच बस पकडायची, कारण नंतरच्या बसचा भरवसा नव्हता. मग सगळ्यांच्या आधी पोचून ती हॉस्टेलच्या तिघींसाठी जागा धरायची. त्या झोपेतून उठून, केसही न विंचरता, सरांच्या पाठोपाठ धावत यायच्या.

"तू नसतीस तर आमचं काही खरं नव्हतं गं," असं म्हणत तिची पिशवी तिच्याच मांडीवर टाकायच्या. तेवढ्या वाक्यावर तिचा दिवस निघायचा.

घरी या मैत्रिणींबद्दल ती किती सांगू आणि किती नको अशी बोलायची.

"खऱ्या आहेत ना गं त्या?" दादा चिडवायचा. "आजवर एकीनंही तोंड दाखवलं नाही."

"आणेल रे सवडीनं," आई म्हणायची.

पण जागा धरायची म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी नाही म्हणायचं. लांबून बसनं येणारी पोस्टमनची मुलगी रोज विचारायची, "इथं कुणी आहे?" धाकटी मान न वळवता सांगायची, "हो, आहेत." पुढे पुढे तिनं विचारणंच सोडलं.

एक दिवस बाईंनी सांगितलं, वर्षभराचा प्रकल्प चौघाचौघांनी करायचा, गट तुमचे तुम्ही ठरवा. धाकटीला ठरवायचं काय होतं? घरी तिनं सांगूनही टाकलं. दुसऱ्या दिवशी तिघी येऊन बसल्या तशी ती म्हणाली, "विषय कुठला घ्यायचा आपण?"

तिघी एकमेकींकडे बघायला लागल्या.

"अगं, काल जेवताना ठरून गेलं," चष्मेवाली म्हणाली. "समोरच्या खोलीतलीला घेतलं. आमचं काम जेवणं झाल्यावर चालणार. तू तेव्हा असतेस कुठे?"

"फोन करायचा तरी."

"डोक्यातच आलं नाही गं." ती हसली, तेही मोकळेपणानं. "बरं, उद्यापासून तीही आपल्यात बसेल. एक जागा जास्त धर हं."

मधल्या सुट्टीत धाकटी मागच्या बाकापाशी गेली. पोस्टमनची मुलगी बसच्या मैत्रिणींबरोबर डबा खात होती.

"तुमच्या गटात घ्याल मला?"

"आमचा झाला गट," ती शांतपणे म्हणाली. "आणि खरं सांगू? तू आमच्याशी बोलतेस, हेच आज कळलं." बाकीच्या खाली मान घालून खात राहिल्या.

संध्याकाळी आई म्हणाली, "मैत्रिणींना कामाला इथंच बोलव की. पुढची खोली मोकळी करून देते."

"बघते," धाकटी म्हणाली आणि ताटावरून उठली.

तुम्हाला वाटेल, आता ही मुलगी त्या तिघींचं नाव टाकेल. मलाही तसंच सांगायला आवडलं असतं. ती दुसऱ्या दिवशीही पहिल्याच बसनं आली. पिशवी ठेवली, छत्री ठेवली, स्वेटर ठेवला. चौथ्या जागेवर ठेवायला काही उरलं नव्हतं, म्हणून तिनं डबा काढून ठेवला.