पाणी पाजलेले सिगार

धाकट्या दिराला जुळ्या मुली झाल्या त्या वर्षीच्या उन्हाळ्यात एका सकाळी सून ओट्याशी उभी राहून भांडी घासायचा नवा कोरा स्पंज कात्रीने कापत होती. साबणाच्या भोकाभोकांच्या डबीत बसेल एवढा तुकडा तिने कापला, बॅटरीत घालायच्या पाण्यात बुडवला, पिळला आणि ती डबी घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात कोपऱ्याला ठेवली. डब्यात सासऱ्यांचे सिगार होते.

"नळाचं पाणी नाही ना घातलंस?" सासऱ्यांनी दारातून विचारलं.

"नाही, बाबा. नळाच्या पाण्याने बुरशी येते, तुम्हीच म्हणाला होता. हे बॅटरीचं आहे."

"बॅटरीचं. म्हणजे आता ओढायचे नाहीत, चार्ज करायचे."

ते आत आले. एक सिगार उचलून त्यांनी कानाशी धरला आणि दोन बोटांत हलकेच दाबला. करकर ऐकू आली नाही. मग डोळे मिटून तो नाकाखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. सून कात्री हातात धरून उभी राहिली.

"नाही," ते म्हणाले आणि सिगार जागेवर ठेवून निघून गेले.

सासऱ्यांचा सगळा जन्म तंबाखूच्या गोदामात पानांची प्रतवारी करण्यात गेला होता. गठ्ठा फोडायचा, मूठभर पानं नाकाशी न्यायची आणि भाव काय तो सांगायचा. त्यांच्या नाकापुढे मालकाचीही मात्रा चालत नसे. घरात तर विचारूच नये. मुलगा बाहेर काय खाऊन आला, दूध उद्यापर्यंत टिकेल की नाही, पाहुणीने आणलेलं अत्तर खरं की खोटं, सगळे निकाल त्या नाकावर लागत. निवृत्तीच्या दिवशी गोदामातल्या लोकांनी त्यांना एक पेटी दिली होती. त्यांनी शेवटची म्हणून जी पानं निवडली, त्याच पानांचे सिगार त्यात होते. छातीच्या डॉक्टरांनी तोवर त्यांचं ओढणं बंद केलेलं होतं.

"ओढायचे नाहीत, कबूल," सासरे तेव्हा म्हणाले होते. "पण मरू द्यायचे नाहीत. ज्यांनी दिले त्यांच्या हातात एकेक जायला पाहिजे."

आणि उन्हाळा सरता सरता तोलारकाका येणार होते. गोदामात सासरे नाकाने पान तोलायचे आणि तोलारकाका काट्यावर. जन्मभर समोरासमोर बसलेली माणसं. पहिला सिगार त्यांचा होता.

"त्याच्या हातात मेलेला माल ठेवला तर माझं काय राहिलं?" सासरे रोज जेवताना म्हणत. दोष कुणाचा हे ते बोलत नसत, ताटाकडे बघत. गेल्या उन्हाळ्यात सून आईच्या आजारपणासाठी माहेरी गेली होती आणि पेटी कपाटावर तशीच तापत राहून आतले सिगार सुकले होते, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यामुळे ती जीव तोडून मागे लागली होती. मूळची लाकडी पेटी दिसायला सुरेख, पण झाकण ढिलं. आत ठेवलेला ओलावा दुपारपर्यंत पळून जाई. म्हणून प्लास्टिकचा डबा. नवऱ्याच्या कचेरीतल्या एकाने बटाट्याची चकती ठेवायला सांगितलं. तिने ठेवली, आणि दोन सिगारांच्या बुडाला पांढरी लव आली. ते दोन्ही फेकावे लागले. ओलावा दाखवणारं बटणाएवढं घड्याळ आणलं, तर त्याचा काटा खोटं बोलत होता. मग बाटलीच्या झाकणात ओलं मीठ घालून घड्याळासकट पिशवीत बंद केलं, एक दिवस थांबली, काटा किती चुकतो ते पाहिलं आणि काचेवर शाईने खरी खूण केली. बंद पिशवीत ओल्या मिठाची ओल ठरलेलीच असते, मीठ कधी खोटं बोलत नाही, असं दुकानदार म्हणाला होता. दुकानदाराने काचेच्या दाराचं एक लाकडी कपाटही दाखवलं. तिने किंमत विचारली आणि दुसरीकडे बघू लागली.

आता हा स्पंज. पाचव्या दिवशी काटा खुणेच्या पुढे गेला आणि एका सिगारचं वरचं पान फुगून उकललं.

"एवढ्या खटाटोपात नवी पेटी आली असती," नवरा म्हणाला.

"मग आण."

"बाबांना चालेल का ती?"

"नाही चालणार. म्हणून तर म्हणते, तू आण. एकदा तूही 'नाही' ऐक."

नवऱ्याने वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

शेवटी त्याच दुकानातून तिने एक चपटी कागदी पुडी आणली. हवेत ओल जास्त झाली तर पुडी ती पिते आणि कमी झाली तर परत देते. किंमतही आवाक्यातली. स्पंज काढला, पुडी ठेवली, जुन्या पेटीच्या देवदाराच्या पातळ फळ्या कापून डब्याच्या तळाशी घातल्या. काटा खुणेवर आला आणि तिथेच थांबला. दुसऱ्या दिवशी तिथेच. आठवडा झाला तरी तिथेच. सिगार दाबला की बोटाला मऊ लागे, सोडला की पुन्हा गोल होई. झाकण उघडलं की तिला गोड, मातकट, मनुकांसारखा काहीसा वास येई. पोटातून हसू आल्यासारखं तिला झालं. डबा घेऊन ती सासऱ्यांच्या खोलीत गेली.

त्यांनी दाबून पाहिला, मान हलवली. मग नाकाखालून फिरवला. एकदा, आणि पुन्हा एकदा.

"हाताला बरोबर लागतोय," ते म्हणाले. "पण आत काही नाही. एकदा सुकला की पानातलं तेल उडतं, ते पाण्याने परत येत नसतं. पाणी पाजून नुसते उभे केलेस तू."

"पण बाबा, मला वास येतोय."

"तो लाकडाचा. पानाचा वेगळा असतो. तुला काय कळणार."

सुनेने झाकण लावलं. जरा जोरातच लागलं ते.

"मग तुम्हीच सांभाळा. माझे पडदे शिवायचे राहिलेत, लोक दारात येऊन बसतात. मी मीठ काय करते, बटाटा काय ठेवते, आणि तुमचं आपलं 'नाही'. सासूबाई सुटल्या बिचाऱ्या."

सासरे डबा मांडीवर घेऊन बसले. ती मशीनवर जाऊन बसली आणि तिने एक पडदा उलटा शिवला. तो उसवून पुन्हा शिवेपर्यंत तिचा राग उतरला नाही. खरं सांगायचं तर त्यांच्यावरचा होता तसाच स्वतःवरचाही होता. नाक ज्याचं, निकाल त्याचा. तिच्या हातून जिवंत वस्तू मेली होती आणि ती उगाच तिला कपडे घालत बसली होती.

तोलारकाका आले ते एका दुपारी, काठी टेकत. दार उघडताच त्यांच्या आधी त्यांचं गुडघ्याचं मलम घरात शिरलं. कापूर, निलगिरी आणि आणखी कसलंतरी जहाल. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं.

"माफ कर, पोरी. माझी सून म्हणते, तुमच्यामुळे आमच्याकडे झुरळंसुद्धा राहत नाहीत. आहे कुठे आमचा नाकवाला?"

"सदरा बदलताहेत. बसा ना, काका."

डबा टेबलावरच होता. सासऱ्यांनी सकाळीच आणून ठेवला होता आणि दोनदा हलवून सरळ केला होता. काकांनी न विचारता झाकण उचललं, वाकले आणि तसेच वाकलेले राहिले.

"अगं," ते हळूच म्हणाले. "माझ्या मलमालासुद्धा हरवलं की यांनी. गोदामाचं मोठं दार उघडल्यासारखं वाटलं. कसं राखलंस हे?"

ती काही बोलणार तोच सासरे बाहेर आले. दोघे म्हातारे एकमेकांना बिलगले, पाठीवर थापा पडल्या. सासरे काकांना खेटूनच कोचावर बसले आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"दुखतो का अजून? मलम-बिलम काही लावतोस की नाही?"

काकांनी सुनेकडे पाहिलं. खोलीत मलमाच्या वासाशिवाय दुसरं काही नव्हतं. सुनेची नजर सासऱ्यांच्या नाकावर गेली.

"लावतो कधीमधी," काका म्हणाले.

"लावत जा." सासऱ्यांनी डबा पुढे ओढला, एक सिगार काढून दोन्ही हातांनी काकांपुढे धरला. "घे. पण आधीच सांगतो, माल गेलाय. तुला खोटं नाही सांगणार."

"गेलाय? अरे, हा तर..."

"माझ्याच हातून सुकले, काका," सून म्हणाली. "गेल्या उन्हाळ्यात. बाबांना लगेच कळलं. मीच ऐकत नव्हते."

काकांनी सिगार नाकाशी नेला. बराच वेळ तिथेच ठेवला. सासरे त्यांच्या तोंडाकडे बघत होते, पूर्वी गठ्ठा काट्यावर चढल्यावर बघत असतील तसे.

"हो रे," काका म्हणाले. "गेलाय खरा. तुझ्या नाकाला कोण फसवणार."

सासऱ्यांचे खांदे खाली आले. ते कोचाला टेकले.

"ती तरी काय करणार," ते म्हणाले. "तिने मेहनत पुष्कळ घेतली. चहा टाक, सूनबाई."

ती आत गेली. गॅस पेटवला, पातेलं ठेवलं आणि नळ सोडून उगाच हात धूत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे डबा घेऊन शिवणयंत्रापाशी आले. झाकण त्यांनी स्वतः उघडलं, पण नाकाशी काही नेलं नाही. डबा तिच्यापुढे धरला.

"तू बघ बरं जरा."

हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. सून डब्यावर वाकली. तोच गोड, मनुकांसारखा वास आला. वर पाहिलं तर ते खिडकीबाहेर बघत होते.

"लाकडाचाच येतोय, बाबा," ती म्हणाली.

"हं," ते म्हणाले. "आता ओळखायला लागलीस."

पुडी कडक झाली की ती नवी आणून ठेवायची, आणि ते "कशाला खर्च करतेस मेलेल्यांवर" म्हणायचे. तोलारकाका पुढच्या वर्षी थंडीत गेले. सासरे त्यांच्यामागून तीन महिन्यांनी, उन्हाळा लागायच्या आधी गेले.