सोनोग्राफीचं चौथं पान

मी एक जुनी सोनोग्राफीची मशीन आहे. मित्रांनो, १९८४ साली मी नागपूरच्या डॉक्टर मार्तंडरावांच्या दवाखान्यात आले. दसऱ्याला मला हार घातला, तोंडावर कुंकू फासलं आणि पांढरी चादर पांघरून कोपऱ्यात उभं केलं. माझ्याबरोबरची पुस्तिका डॉक्टरांनी हिरव्या फितीत बांधून काचेच्या कपाटात ठेवली. ती वाचणं त्यांना कमीपणाचं वाटायचं.

चौथ्या पानावर लिहिलं होतं की तपासणीआधी बाईला भरपूर पाणी पाजा, लघवीला जाऊ देऊ नका. लघवीची पिशवी भरलेली असली की तिच्यातून मला मागची गर्भपिशवी नीट दिसते. पण हाताने तपासण्याआधी प्रत्येकीला बाथरूमला पिटाळायची दवाखान्याची जुनी रीत. आया बायजाबाई दारातच म्हणायची, "आधी जाऊन ये वं." मग माझ्या पडद्यावर नुसता धुरळा. डॉक्टर पाहुण्यांना हसून सांगत, "शोभेची वस्तू आहे. माझी बोटं पुरेशी आहेत." असल्या माणसाच्या घरचा हार मी गळ्यात घातला, याची मला अजून लाज वाटते.

वाडीची प्रेमिला आली तेव्हा तिच्या लग्नाला सात वर्षं झाली होती. मूल नव्हतं आणि पोटात गाठ लागत होती. डॉक्टरांच्या बोटांनी निकाल दिला, "गर्भपिशवीच खराब आहे. गुरुवारी काढून टाकू."

"पण मले लेकरू पाहिजे, डॉक्टरसाहेब."

"आधी जीव वाचव," म्हणून ते चहाला गेले.

बुधवारी ती भरती व्हायला आली. त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं, म्हणून बाथरूमला कुलूप.

"मले जाऊ द्या नं बाई, पोट फुटून राहिलं."

"टँकर येऊ दे वं," बायजाबाई म्हणाली.

नव्याने लागलेल्या डॉक्टर प्रेमलताबाईंनी तेवढ्यात माझी चादर काढली. "ऑपरेशनआधी एकदा बघून घेऊ." आणि मला पहिल्यांदा सगळं लख्ख दिसलं. गर्भपिशवी निरोगी होती. गाठ तिच्या बाहेर होती, देठाला वांगं लटकावं तशी, आणि साधी होती. बाईंनी पडद्याकडे पाहिलं, मग कपाट उघडून हिरवी फीत सोडली आणि पुस्तिका डॉक्टरांपुढे धरली.

डॉक्टरांनी चौथं पान वाचलं, पडदा पाहिला आणि म्हणाले, "मी हेच तर म्हणत होतो." गुरुवारी फक्त गाठ निघाली.

दोन वर्षांनी प्रेमिला तांब्याभर पाणी पिऊन आली. बायजाबाईने बाथरूमकडे बोट दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "मले नाही जायचं." माझ्या पडद्यावर तांदळाएवढं काहीतरी धडधडत होतं. प्रेमिला रडली. मला रडता येत नाही.

आता मी अडगळीत आहे. प्रेमलताबाई दुसऱ्या गावी गेल्या. डॉक्टरांनी माझ्याहून मोठी मशीन आणली, हार घातला आणि तिची पुस्तिका त्याच हिरव्या फितीत बांधली. बायजाबाई पुन्हा दारात उभी असते. मित्रांनो, माझ्यावरची धूळ नाही पुसली तरी चालेल. उद्या गुरुवार आहे, आणि बाहेरच्या बाकावर एक बाई बसली आहे. कुणीतरी ती फीत सोडा.