एकेचाळीस तोंडांचा पेशंट

जावई पडला तो तीन फुटी स्टुलावरून. वीस-वीस मजल्यांच्या लिफ्टच्या शाफ्टमध्ये लोंबकळून केबल बदलणारा माणूस, आणि घरातल्या समुद्री प्रवाळांच्या काचेच्या टाकीवरचा दिवा काढताना स्टूल कलंडलं. दोन्ही हात पुढे टेकले आणि दोन्ही मनगटं मोडली. कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टर, सहा आठवडे.

लेक शहर बस चालवायची. सकाळी सातला घर सोडायची ती संध्याकाळी सहाला परतायची. नवऱ्याच्या अपघातापायी तिची शिल्लक रजा पहिल्या आठवड्यातच संपली, म्हणून तिने आईला बोलावून घेतलं. आई निवृत्त नर्स. वॉर्डात चौतीस वर्षं त्यांना सगळे मोठ्या सिस्टर म्हणत, आणि तीन वर्षांपूर्वी नोकरी सुटली तरी ते नाव काही सुटलं नाही. लेकसुद्धा रागावली की त्यांना सिस्टरच म्हणायची.

आजारी माणसाचं करणं सिस्टरच्या हातचा मळ होता. पण आजारी माणूस जावई असला की गोष्ट वेगळी. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि तेवढ्या वर्षांत त्यांचं जावयाशी जेमतेम तासभर बोलणं झालं असेल. कसे आहात, बरा आहे, जेवलात का, हो. माणूस सज्जन, पण घुमा. सिस्टर त्याला मनातल्या मनात 'मौनीबाबा' म्हणत.

आल्यापासून चार दिवस त्या त्याला चमच्याने भरवत होत्या. सूप असो की अंडं, पाच-सहा घास झाले की तो म्हणायचा, "बस आई, पोट भरलं." पोट भरलेला माणूस कसा दिसतो हे सिस्टरना ठाऊक होतं. हा तसा दिसत नव्हता. वॉर्डात असता तर त्यांनी दोन शब्द सुनावून वाटी संपवून घेतली असती. इथे त्या गप्प बसल्या.

पाचव्या दिवशी दुपारी साडेचारला जावई स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभा राहिला.

"आई, एक काम होतं."

सिस्टरनी हातातलं फडकं खाली ठेवलं. आज अखेर तोंड उघडलं म्हणायचं. "संकोच करू नका जावईबुवा. चला, मी धरते तुम्हाला."

"नाही, तसलं काही नाही." तो कानापर्यंत लाल झाला. "त्यांना भरवायचं होतं."

"कोणाला?"

त्याने हनुवटीने बैठकीतल्या टाकीकडे दाखवलं.

त्या टाकीबद्दल सिस्टरचं मत काही फार चांगलं नव्हतं. खाऱ्या पाण्यात दगड ठेवायचे, वर दिवे लावायचे आणि हा माणूस तासन् तास समोर बसणार. तरी त्या उठल्या. डीपफ्रीजमध्ये मटारच्या पाकिटाशेजारी त्याने सांगितलेलं पाकीट सापडलं. त्यात तांदळाएवढ्या कोळंब्यांच्या गोठवलेल्या वड्या होत्या. एक वडी वाटीत घेऊन त्यावर टाकीतलंच पाणी घालायचं, विरघळू द्यायची, मग पंप बंद करायचा म्हणजे अन्न वाहून जात नाही. एरवी चार शब्द बोलणारा माणूस सलग दहा मिनिटं बोलत होता, आणि मध्ये कुठे अडखळलासुद्धा नाही.

"हे हिरवे, जांभळे आहेत ना, त्यांचं बरंचसं दिव्यावर भागतं. त्यांना अधूनमधून थोडं दिलं तरी चालतं. तो मात्र उजेडावर जगत नाही." टाकीच्या कोपऱ्यात, दगडाच्या सावलीत मुठीएवढं एक केशरी प्रवाळ होतं. "त्याच्या प्रत्येक तोंडात घास द्यावा लागतो. एकेचाळीस तोंडं आहेत. मी पडल्यापासून अकरा दिवस तो उपाशी आहे."

"मग हे आज सांगताय?"

तो टाकीपुढून बाजूला सरला, त्यांना नीट दिसावं म्हणून.

सिस्टरनी चष्मा लावून पाहिलं. केशरी गाठी मिटून आत बसल्या होत्या. कडेला मांस मागे सरकलं होतं आणि खालचा पांढरा सांगाडा दिसत होता. असं दृश्य त्यांनी वेगळ्या रूपात पाहिलं होतं, जेवण सोडलेल्या म्हाताऱ्यांच्या गालांवर.

जावयाची सिरिंज त्यांनी नाकारली, तिचा दट्ट्या अडकत होता. स्वतःच्या पिशवीतून त्यांनी नवी काढली आणि टोकाला बारीक नळी बसवली. आधी वाटीतलं नुसतं पाणी थोडं प्रवाळावर सोडलं. वास लागला की तोंडं उघडतात, असं जावई म्हणाला होता. पंधरा मिनिटं गेली, मग अर्धा तास. उघडलं कोणीच नाही. उलट दगडामागून लाल अंगाची, पाठीवर पांढरा पट्टा असलेली एक कोळंबी लगबगीने आली, केशरी प्रवाळावर चढली आणि लांब मिशा नाचवत सगळीकडे चाचपू लागली.

"ही कोण ठकूबाई?"

"चोर आहे ती. त्याच्या तोंडातला घास काढून नेते."

पुढचे तीन दिवस असेच गेले. साडेचार वाजले की सिस्टर वाटी घेऊन बसायच्या, जावई शेजारी खुर्चीवर. नुसतं बसायचं म्हणून मग बोलणं व्हायचं. हे प्रवाळ त्याला एका दुकानाच्या मागच्या बादलीत मिळालं होतं. टाकून द्यायला ठेवलेलं, तीन तोंडं जिवंत. चार वर्षं रोज संध्याकाळी भरवून त्याने तिनाची एकेचाळीस केली होती. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं.

चौथ्या दिवशी एका गाठीतून पिवळसर पाकळ्यांसारखी बोटं हळूच बाहेर आली. सिस्टरनी कोळंबीचा एक दाणा नळीच्या टोकाशी आणून तोंडावर सोडला. बोटं मिटली, दाणा आत गेला. जावई खुर्चीच्या अगदी काठावर आला होता.

"घाई करू नका आता," तो पुटपुटला.

"मला शिकवू नका," सिस्टर म्हणाल्या, पण हसून म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी नऊ तोंडं उघडली, त्याच्या पुढच्या दिवशी वीस. ठकूबाईचा बंदोबस्त म्हणून सिस्टरनी प्लास्टिकची बाटली अर्धी कापून प्रवाळावर टोपीसारखी ठेवली आणि वरच्या तोंडातून नळी आत घातली. ठकूबाई बाहेरून प्लास्टिकवर थापा मारत राहिली. शेवटी चिडून सिस्टरच्याच हातावर चढली आणि त्यांची नखं साफ करायला लागली. सिस्टरनी हात तसाच ठेवला. इतक्या नाजूकपणे त्यांच्या हाताला बऱ्याच दिवसांत कोणी लागलं नव्हतं.

जावयाचं जेवण मात्र सहा घासांच्या पुढे जात नव्हतं. पाणीही तो जेमतेम प्यायचा. त्याच्या ओठांना चिरा पडलेल्या पाहून एका दुपारी सिस्टरनी सरळ विचारलं, "तुम्ही पाणी का पीत नाही?"

तो टाकीकडे बघत राहिला.

"दिवसभर घरी तुम्हीच असता," तो म्हणाला.

एवढंच. पण सिस्टरना पुढचं सगळं कळलं, आणि आधी कळलं नाही याचा स्वतःचा रागही आला. कमी खाल्लं, कमी प्यालं की सासूला कमी वेळा हाक मारावी लागते. लेक घरी येईपर्यंत हा माणूस रोज अकरा तास दम धरून बसत होता.

"जावईबुवा, लाज फक्त पहिल्या दिवशी असते," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या दिवसापासून ते नुसतं काम असतं. मी चौतीस वर्षं बघितलंय. मोठमोठे मिशीवाले बघितलेत." मग त्या उठल्या, कपाटातून त्याच्या दोन पॅंट काढल्या, बटणं आणि चेन उसवून सैल इलॅस्टिक घातलं आणि कमरेला दोन्ही बाजूंनी कोपर अडकेल असे नाडीचे फास शिवले. "हे घाला. निम्म्या वेळी तुमचं तुम्हाला जमेल. उरलेल्या निम्म्या वेळी हाक मारायची. आणि आजपासून एक घास त्याला, एक तुम्हाला. तुम्ही थांबलात तर मीही थांबणार."

"आई, एकेचाळीस घास होतात."

"मोजता येतं मला."

त्या संध्याकाळी लेक कामावरून आली तेव्हा टाकीपुढे तिची आई एका हातात सिरिंज आणि दुसऱ्या हातात चमचा घेऊन बसली होती. अठ्ठावीस त्याला, अठ्ठावीस ह्यांना. नवऱ्याच्या हनुवटीला सूप लागलेलं होतं आणि तो कुठलं तोंड राहिलं ते सांगत होता. लेक दारातच बूट काढता काढता थांबली, आणि टॉवेल आणायला गेली.

तिसऱ्या आठवड्यातल्या रविवारी सिस्टर सकाळी टाकीशी गेल्या तर वाळूवर ठकूबाई आडवी पडलेली. हलत नव्हती. अंग पारदर्शक, फिकट. त्यांनी चिमट्याने हलवून पाहिलं, काही नाही. त्यांनी तिला हळूच बाहेर काढलं आणि कागदी रुमालात गुंडाळलं. रुमालाची घडी त्यांनी दोनदा सारखी केली, याचं त्यांनाच नवल वाटलं. एका चोरट्या कोळंबीसाठी. पण जावई आता कुठे नीट जेवायला लागला होता, त्याला कसं सांगायचं?

वाईट बातमी कशी द्यायची हे त्यांना शिकवायची गरज नव्हती. त्यांनी लेकीला टीव्ही बंद करायला सांगितलं. जावयाच्या शेजारी बसून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"जावईबुवा, मन घट्ट करा. ठकूबाई गेली."

तो पुढे सरकला. "बघू."

सिस्टरनी रुमाल उलगडला. त्याने खाली वाकून पाहिलं.

"आई, वजन किती लागलं हाताला?"

"वजन कसलं, काहीच नाही. पोकळ झालीये बिचारी."

जावयाचे खांदे हलायला लागले. सिस्टरना वाटलं रडतोय. पण तो हसत होता, आवाज न करता, दोन्ही प्लास्टर पोटाशी धरून. "कात टाकलीये तिने," तो म्हणाला. "ही नुसती साल आहे. ती आत दगडामागे बसली असेल. नवी साल मऊ असते, म्हणून दोन दिवस लपते."

लेक हसून हसून जमिनीवर बसली. "सिस्टर, मृत्यूचा दाखलाही लिहिलात का?"

"चौतीस वर्षांत पहिल्यांदा चुकले," सिस्टर म्हणाल्या, आणि डोळे पुसता पुसता त्याही हसायला लागल्या. दोन दिवसांनी खरोखरच ठकूबाई दगडामागून आली, पहिल्यापेक्षा लालभडक, आणि सरळ बाटलीवर थापा मारायला लागली.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं. जावयाची मनगटं काठीसारखी बारीक झाली होती, कातडी पांढरी. त्या दुपारी साडेचारला सिस्टरनी वडी विरघळवली, पंप बंद केला आणि सिरिंज त्याच्यापुढे धरली.

त्याच्या हातून पहिला दाणा वाळूवर पडला, दुसराही. सिस्टरनी हात पुढे केला नाही, मांडीवरच ठेवला. तिसरा दाणा बरोबर तोंडावर गेला. मग एकेक करत तो पुढे निघाला. दर चार-पाच तोंडांनंतर थांबायचा, मनगट दुसऱ्या हाताने चोळायचा, पुन्हा सुरू करायचा. केशरी प्रवाळ आता पूर्ण उमललं होतं आणि खालचा पांढरा सांगाडा कुठेच दिसत नव्हता. अर्धा तास झाला, चहा गार झाला, कोणीच उठलं नाही.

सव्विसाव्या तोंडाशी त्याने सिरिंज खाली केली. कपाळावर घाम आला होता.

"दमलो," तो म्हणाला, आणि सिरिंज त्यांच्याकडे दिली. "उरलेले तुम्ही भरवा, आई. आणि परतीचं तिकीट इतक्यात काढू नका."

सिस्टरनी चष्मा नाकावर सरकवला आणि त्या सत्ताविसावं तोंड शोधायला लागल्या.