खडकाशेजारी उभी राहिले

दसरा नुकताच झाला होता. पुण्याच्या कॉलेजातली पोरं डोंगरातले दगड शिकायला बेळगावात आली. त्यांच्या प्रोफेसरांना खडकांचे फोटो हवे होते, म्हणून ते शहापुरातल्या आमच्या स्टुडिओत आले आणि आमच्या ह्यांना, सुबरावांना, काकतीच्या डोंगरावर घेऊन गेले. इथवर माझ्या पोटात दुखायचं काही कारण नव्हतं.

संध्याकाळी हे गुणगुणत घरी आले, तिथं मला खटकलं. हे फोटो काचेवर काढत; त्या काचा धुवायचं आणि कागदावर फोटो छापायचं काम माझं. दुसऱ्या दिवशी उन्हात छापायला घेतले, तर प्रत्येक फोटोत एक पोरगी! पाचवारी साडी, डोळ्यांवर चष्मा, हातात हातोडी.

"ही कोण भवानी?"

"सत्यवती. शिकाय आलीया. खडक केवढा हाय ते कळावं म्हणून शेजारी माणूस उभं करत्यात."

"मग एवढ्या पोरांत एक बाप्या गावला न्हाय?"

"प्रोफेसरांनीच सांगितलं गं."

दगडच फोडायचे तर कॉलेज कशाला लागतं, असं मी म्हणाले खरी, पण जीव जळत होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण फोटोवाल्याच्या बायकोचा एकटीचा असा एक फोटो नाही. कधी म्हणाले तर ह्यांचं उत्तर ठरलेलं, "तू तर रोजच दिसतीस, काच कशाला वाया घालवायची?" त्या पोरीवर मात्र डझनभर काचा ओतल्या होत्या.

प्रोफेसर फोटो बघायला आले. चष्मा वर करून त्यांनी एकेक कागद डोळ्यांशी धरला.

"सुबराव, मुलगी झकास आली आहे. खडक मात्र पुसट. आम्हाला त्याचे थर दिसायला हवेत."

हे खाली बघत म्हणाले, "वारं लई व्हतं, साहेब."

"वाऱ्यानं डोंगर हालला, व्हय?" मी दारातूनच विचारलं.

कॅमेऱ्यात ज्याच्यावर नजर ठरवावी तेच लख्ख येतं, बाकीचं धुरकटतं. काचा धुऊन धुऊन मला एवढंही कळत नसेल असं ह्यांना वाटलं की काय! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"उद्या पुन्हा काढू," प्रोफेसर म्हणाले.

"माणूसच पायजे न्हवं? मी ऱ्हाते उभी."

"चालेल की, बाई. कुणीही चालेल."

मी बापानं विणलेली शहापुरी साडी नेसले, नथ घातली, केसांत शेवंती माळली. डोंगरावर सत्यवतीनं माझा पदर नीट केला, आपली हातोडी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "वहिनी, किती छान दिसताय!" तिचा तो चांगुलपणा मला मुळीच सोसला नाही. निदान नखरेल तरी असायची होती मेली.

हे काळ्या कापडाखाली शिरले आणि पुन्हा डोकं बाहेर काढलं.

"जरा सरक गं. खडक झाकतीयास."

मी सरकले आणि श्वास रोखला. लग्नात अंतरपाटामागंसुद्धा मी इतकी स्तब्ध उभी नव्हते. मनात म्हटलं, आता तरी ह्यांच्यासमोर मीच आहे. दुसरीकडं बघून बघतील कुठं?

दुसऱ्या दिवशी फोटो छापून झाले. प्रोफेसरांनी मांडीवर थाप मारली.

"वा सुबराव! असा फोटो हवा होता! एकेक थर काय उठला आहे!"

खडकाची बारीकशी भेगही दिसत होती. शेजारी माझी साडी ओळखू येण्याइतकीच होती आणि चेहऱ्याच्या जागी नुसता धूर.

"तू हाललीस जणू," हे म्हणाले.

मी हलले नव्हते. त्या पोरीच्या फोटोत तिच्या पापण्यासुद्धा दिसत होत्या. मी माझा फोटो उचलून प्रोफेसरांच्या हातात दिला. तो खडकाचाच होता.